निळीसाठी थंडीची चाकं

१६ सप्टें. २००७, रविवार

इथल्या मराठी मंडळाचा गणपती. शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं, मोदक फ्रोझन, आरती मात्र झकास. जेवणाच्या लाइनीत परत तोच विषय. नितीन, माझ्या नवऱ्याचा, समीरचा मित्र, फोर-व्हील ड्राइव्हवाला आणि म्हणून सर्वज्ञ, सगळ्यांना हातवाऱ्यांसकट सांगत होता. फेब्रुवारीत बर्फावर माझी गाडी, निळी, शाळेसमोरच्या वळणावर कशी गरकन फिरली आणि तोंड स्कूलबसकडे करून कशी उभी राहिली. "अरे भिंगरी यार, नुसती भिंगरी." लोक हसले. मीही हसले. रेवा माझ्यामागे ताट घेऊन उभी होती, ती नाही हसली.

कुठे धडक नाही, गाडीला ओरखडा नाही. पण रेवा मागच्या सीटवर होती. तेव्हापासून ती निळीत बसत नाही. आधी फक्त बर्फ असला की. आता उन्हातही नाही. आठ वर्षांची पोर, मी दार उघडलं की शांतपणे सांगते, "आय'ल गो विथ डॅडी."

येताना व्हॅनमध्ये समीरनं विषय काढला. डिसेंबरपासून कामासाठी तो विमानानं प्लेनोला, सोमवार ते गुरुवार. शाळा जवळ आहे म्हणून आम्हाला बस नाही, सोडायचं मलाच. "ती निळीत बसणार नसेल तर ती गाडी ठेवून करायचं काय? विकू, छोटी एसयूव्ही घेऊ." मी म्हटलं, व्हॅन आहे ना. "मग निळी काय शोभेला?"

शेवटी ठरलं. थंडीची चाकं घालून बघायची. रेवा बसली तर निळी राहील. नाही बसली तर मार्चमध्ये विकायची. मी हो म्हणून बसले. काऊन हो म्हटलं कोण जाणे.

१८ सप्टें., मंगळ.

लंच अवर पूर्ण टायरांत गेला. सँडविच तसंच.

आता कळलं ते असं. निळी आली तेव्हाच तिला उन्हाळी टायर होते. स्पोर्ट पॅकेज म्हणून रुंद, देखणे, अठरा इंची चाकांवर. थंडी पडली की ते रबर कडक होतं, मग बर्फावर साबणाच्या वडीसारखं. त्यात इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर. हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नागपूरच्या माणसाला टायर उन्हाळी-हिवाळी असतात हे स्वप्नात तरी येईल का. आमच्याकडे टायर दोनच, नवा आणि रिमोल्ड.

थंडीचे टायर मऊ राहतात. आणि अरुंद असलेले बरे, बर्फ कापत जातात. म्हणजे चाकंही लहान घ्यायची, सतरा नाहीतर सोळा इंची. अख्खा वेगळा सेट, नोव्हेंबरात चढवायचा, एप्रिलात उतरवायचा.

२० सप्टें.

स. म्हणतो, "एवढं वाचतेयस, पीएचडी कर." बरोबर आहे त्याचं. पण त्याला एक कळत नाही. चार वर्षं मी डिपेंडंट व्हिसावर घरात बसले. इंजिनिअर बाई, कूपनं कापत होते. वर्क परमिट आलं, नोकरी लागली, आणि पहिली स्वतःची म्हणून घेतलेली वस्तू ही. हातानं गिअर टाकायची गाडी, सगळे म्हणाले ऑटोमॅटिक घे. नाही घेतली. ती विकून बेज रंगाची एसयूव्ही चालवायची म्हटलं की मी परत टायरांचं पान उघडते.

२६ सप्टें., बुध.

सतराचा सेट सापडला. टायर चढवून, बॅलन्स करून घरी येतो, नुसते बोल्ट कसायचे. माझ्या मॉडेलला नक्की बसतो असं साइटच सांगतेय. ऑर्डर टाकणार होते तर सासूबाई चहा घेऊन आल्या. ऑगस्टपासून इथे आहेत, जानेवारीत परत पुण्याला. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "काय घेतेस?"

"चाकं, आई."

"उद्यापासून पितृपंधरवडा. आज ऑर्डर केलीस तरी येणार पंधरवड्यातच ना?"

"म्हणजे रेवासाठीच घेतेय मी."

"म्हणूनच म्हणते. रेवा बसायची आहे त्यात."

मी समीरकडे बघितलं. हा माणूस सत्यनारायणाला फक्त शिऱ्यासाठी बसतो. तो म्हणाला, "थांब ना पंधरा दिवस, कुठे बर्फ पडतोय." सोयीचा श्रद्धाळू.

थांबले. मला काही वाटत नाही ह्या गोष्टींचं, पण त्या इथे आल्या त्या पहिल्याच दिवशी निळीत माझ्या शेजारी बसल्या होत्या, निमूट, पदर नीट घेऊन. घरात बाकी कोणी बसत नाही. त्यांना नाही म्हणवत नाही.

५ ऑक्टो.

रोज एकदा साइट उघडून बघते. आहे. अजून आहे.

९ ऑक्टो.

गेला. सतराचा सेट संपला. पुन्हा कधी, तर "डिसेंबरअखेर". फोन केला, बाई गोड आवाजात म्हणाली, या सीझनला सगळ्यांनी लवकर घेतलेत. सगळ्यांनी म्हणजे ज्यांना पितर नाहीत त्यांनी.

घरी भांडी जरा जास्त आपटली असतील.

१२ ऑक्टो., शुक्र.

घट बसले. सोळाचा सेट आहे. स्वस्त, चंदेरी, दिसायलाही बरा. साइट विचारते, स्पोर्ट पॅकेज आहे का? हो म्हटलं की सोळा दिसतच नाही. नाही म्हटलं की दिसतं. फोरमवर भांडणं चालू आहेत. एक म्हणतो पुढचे ब्रेक मोठे आहेत, चाक आत खेटतं. दुसरा म्हणतो, माझं बसलं, दोन हिवाळे झाले, बिनधास्त घ्या.

दुसऱ्याचं ऐकलं. "नाही" वर टिक केलं आणि ऑर्डर टाकली. दसऱ्याच्या आत येतील.

१९ ऑक्टो.

आली. चार मोठी खोकी, माणसानं गॅरेजमध्ये लावून दिली. नवीन रबराचा वास. मी एक चाक बाहेर काढून नुसतीच बघत बसले. फिटिंगची अपॉइंटमेंट नोव्हेंबरची, दुकानात गर्दी आहे म्हणे.

२१ ऑक्टो., रविवार. दसरा

आज लिहायलाच हवं.

सासूबाई सकाळी म्हणाल्या, गाडीची पूजा करू, आणि नव्या चाकांचीही. ती अजून चढली नाहीत म्हटलं, तर म्हणाल्या, "शस्त्रं काय हातात घेऊन पुजतात का? मांडून पुजतात." पाट मांडला, चारी चाकं निळीसमोर ओळीनं. शेवंतीचा हार, ग्रोसरीतून. आपट्याऐवजी शेजारच्यांच्या रेडबडच्या झाडाची पानं, आकार जवळपास तोच. मी म्हटलं, स्वस्तिक नको आई, इथे लोकांना भलतंच वाटतं. "बरं, नुसती बोटं ओढते." कोरडं कुंकू त्या गुळगुळीत चाकाला टिकेना, तर तेलात कालवलं. तीन चाकांना त्यांनी पाच पाच बोटं ओढली.

आणि रेवा दारात उभी होती ती आत आली. गॅरेजमध्ये, निळीच्या पुढ्यात. गेले कित्येक महिने ती ह्या बाजूला फिरकत नव्हती, सायकल काढायची तरी बाहेरून. म्हणाली, "कॅन आय डू द लास्ट वन?"

आजीनं वाटी पुढे केली. रेवानं बोट बुडवलं आणि चौथ्या चाकाला सगळीकडे लावलं. रिमला, मधल्या दांड्यांना, जिथे हात पोचेल तिथे. जीभ बाहेर काढून, मन लावून. मग विचारलं, "आता गाडी स्पिन नाही होणार?" मराठीत विचारलं.

मी हो म्हणाले. आजी म्हणाली, "ते तुझ्या आईच्या हातात."

स.नं फोटो काढले. मला वाटतं त्याचेही डोळे भरले होते, विचारलं तर ॲलर्जी म्हणाला.

३ नोव्हें., शनि.

बसत नाहीत.

मागची दोन छान बसली. पुढचं लावलं, हातानं फिरवून बघितलं, फिरेना. आतून ब्रेकला घासतं. दुकानदार म्हातारा, गप्प माणूस, बॅटरी मारून दाखवली. चाक आणि ब्रेकच्या मध्ये कागद जाईना. "यू हॅव द स्पोर्ट ब्रेक्स," म्हणाला. मला माहीत आहे रे बाबा. मीच "नाही" वर टिक केलंय.

मग चाकाला बोट लावून म्हणाला, हे लाल काय आहे? मी म्हटलं, ब्लेसिंग. तो म्हणाला, ओके.

चारी चाकं मागच्या सीटवर आणि डिकीत कोंबून परत.

४ नोव्हें.

कंपनी म्हणते परत घेऊ, पण नव्यासारखी हवीत, डाग चालणार नाही. भांडी घासायचा साबण, मग गरम पाणी, मग व्हिनेगर. हळद गेली, कुंकू नाही. तेलामुळे पार चिकटून मुरलंय. शेवटी नेलपॉलिश रिमूव्हर. कुंकू निघालं आणि बरोबर वरची चकाकी पण निघाली. जिथे बोटं होती तिथे आता पाच पांढुरके पट्टे.

तीन चाकं घासली. रेवाच्या चौथ्याला हात लावला नाही. परत जाणार नव्हतंच काही आता.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं, तेल नको होतं घालायला." मी म्हटलं, नाही हो आई, तुमचं काही नाही. आणि त्या आत गेल्यावर खोक्याला लाथ घातली.

६ नोव्हें.

नितीनचा फोन. "अगं मागची दोन बसतात ना, मग दोनच लाव. जोर मागेच असतो." म्हणजे गाडी पळेल, पण वळणार नाही आणि थांबणार नाही. बाप्पा, काय एकेक हुशार.

दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं सुचवलं, ब्रेकचा कोपरा थोडा ग्राइंड करून देतो, कोणाला कळणार नाही. मी पाच मिनिटं खरंच विचार केला. लेकीला बसवायचं म्हणून ब्रेक घासायचे. इतकी वेळ आली माझ्यावर.

७ नोव्हें.

स.नं ईमेलवर एसयूव्हीची लिंक पाठवली. एकाच घरात राहून ईमेल. मी वर जाऊन भांडले. बरंच बोलले, कूपनांपर्यंत गेले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मंजू, मला गाडीशी काही वाकडं नाही गं. त्या दिवशी शाळेतून फोन आला ना, तुमची मुलगी ऑफिसात बसलीय, बोलत नाहीये. मी ऑफिसपासून तिथपर्यंत कसा आलो मला आठवत नाही. आता मी प्लेनोत असणार आणि असा फोन आला तर मी काय करू?"

हे त्यानं आजवर एकदाही सांगितलं नव्हतं. मी बसून राहिले तिथेच, कपड्यांच्या ढिगाशेजारी.

लिंक मात्र डिलीट केली.

९ नोव्हें., लक्ष्मीपूजन

ऑफिसला सुट्टी नाही. संध्याकाळी पूजा, फराळ मंडळातून आणलेला, चकल्या मऊ. रेवानं फुलबाज्या ड्राइव्हवेवर लावल्या. ठिणग्या विझल्यावर निळीकडे बघून विचारलं, "चाकं कधी लावणार?"

लवकरच, म्हटलं.

१७ नोव्हें., शनि.

सतरा इंची मिळाली. जुनी. ऑरोरा गावातल्या एका माणसानं जाहिरात दिली होती, ह्याच मॉडेलची, दोन हिवाळे वापरलेली, स्पोर्ट ब्रेकवरच चाललेली. त्याची गाडी समोर उभी होती, मी वाकून ब्रेक बघितले, फोटो काढले, नंबर जुळवले. ह्या वेळी काही राहू द्यायचं नाही. टायरची नक्षी अजून खोल आहे. चाकं मात्र दिसायला भिकार. कडा फुटपाथला घासून घासून कुरतडलेल्या, रंग मळका काळा. सप्टेंबरात मी असल्या चाकांकडे ढुंकून बघितलं नसतं.

घेतली.

२४ नोव्हें., शनि.

बसली. म्हाताऱ्यानं चारी फिरवून दाखवली. मोकळी फिरतात. जाताना म्हणाला, हळूहळू चालव, टायर थांबवतात, चमत्कार नाही करत. घरापर्यंत गुणगुणत आले.

रेवा गॅरेजमध्ये आली. चाकांभोवती चक्कर मारली. मग, "दीज आर नॉट माय व्हील्स."

मी समजावलं. बसत नव्हती, ब्रेकला लागत होती, ही जास्त चांगली, मी स्वतः तपासली. ऐकून घेतलं तिनं सगळं, फार समजूतदार आहे. "बट आय डिडन्ट डू दीज."

चल, आता करू, म्हटलं. कुंकवाची वाटी आणते. ह्यांना कुठे परत पाठवायचंय, हवं तेवढं तेल घाल.

"इट्स नॉट दसरा एनीमोर, मम्मा."

आत निघून गेली. मी वाटी हातात घेऊन उभी. सासूबाईंनी ती काढून घेतली. "तिच्या मागे लागू नकोस. तू मागे लागलीस की तिला वाटतं, तूच घाबरली आहेस."

घाबरलेच आहे की. त्या वळणावर गाडी फिरली तेव्हा स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. ते हातांच्या लक्षात आहे. सुपरमार्केटला जाताना अजून ते वळण टाळून लांबून जाते. कोणाला सांगितलं नाहीये.

२ डिसें., रविवार

काल बर्फाचा पाऊस पडून सगळं काचेसारखं झालं. आज रेल्वे स्टेशनचं पार्किंग रिकामं, तिथे गेले. सासूबाई शेजारी, शाल, मफलर, मांडीवर पर्स. स. रेवाला घेऊन व्हॅनमधून मागे आला आणि कडेला थांबला, नुसतं बघायला.

आधी चालीच्या वेगानं. मग थोडं जास्त. ब्रेक दाबला की पायाखाली खडखड होते, ती व्हायचीच, आणि गाडी थांबते. सरळ थांबते. वळवलं तर वळते, मागचा भाग किंचित पुढे येऊ बघतो, पाय सैल केला की जागेवर. तिसऱ्या-चौथ्यांदा हात सैल झाले. मी हसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "आता मुद्दाम घसरव बघू." मी घसरवली. त्यांनी फक्त पर्स घट्ट धरली.

काय गाडी आहे. काय सुंदर गाडी आहे माझी.

व्हॅनकडे बघितलं तर रेवानं जॅकेटचं हुड डोक्यावर ओढून घेतलेलं. घसरवायला नको होती.

३ डिसें., सोम.

स. पहाटेच्या विमानानं प्लेनोला. व्हॅनची किल्ली हुकावर ठेवून गेलाय. किल्लीला रेवाच्या शाळेचा टॅग लावलाय. आज रस्ते कोरडे. रेवा म्हणाली, व्हॅन. व्हॅननं सोडलं.

४ डिसें.

व्हॅन. संध्याकाळी स.चा फोन. "कशी बसली?" म्हटलं, बसली नाही. तो हवेबद्दल बोलायला लागला. तिकडे शर्टावर फिरतायत.

फोन ठेवल्यावर रेवाला म्हटलं, निळीत बसलीच पाहिजेस असं नाही. तुला नको असेल तर आपण ती विकू. मला वाईट वाटेल, पण चालेल. खोटं नव्हतं, म्हणताना मला कळलं.

ती विचारत होती, कोणाला विकणार, त्यांना लहान मुलं असतील का.

५ डिसें., बुध.

सकाळी उठले तर सगळं पांढरं. बर्फ बाजूला सारणारा प्लाऊ येऊन गेला होता तरी रस्त्यावर थर होताच.

निळी बाहेर काढली, गरम करत ठेवली. व्हॅनची किल्लीही खिशात ठेवली. रेवा बूट घालून, दप्तर पाठीला, गॅरेजच्या उंबरठ्यावर. मी जिभेला गाठ मारली होती.

"यू गो फर्स्ट," ती म्हणाली. "ब्लॉकला राउंड मारून ये."

गेले, आले. स्टॉप साइनला पूर्ण थांबले, कोणी नव्हतं तरी. ती तिथेच उभी.

"अगेन."

परत गेले, परत आले. शाळेला उशीर होणार होता. सासूबाईही तोवर कोट घालून बाहेर आलेल्या. रेवानं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "वी विल वॉक."

मी म्हटलं, बरं. इंजिन बंद करायला हात पुढे केला, तर तिनं मागचं दार उघडलं. पाठीवरचं दप्तर काढून सीटवर ठेवलं, काहीतरी खुडबुड केली, आणि दार लावलं. काचेवर टकटक करून सांगितलं, "स्लो. आमच्या बरोबर चल."

मग आजी आणि नात फुटपाथवरून, बर्फ तुडवत, आणि मी शेजारून चालीच्या वेगानं, काच खाली करून. मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले, देऊ देत. मी काही त्यांच्यासाठी चाकं घेतली नव्हती. ते वळण आलं तेव्हा रेवा थांबली. तिनं बघितलं, मी कशी वळतेय. वळले. मग ती चालायला लागली.

शाळेच्या दारात दप्तर घ्यायला तिनं दार उघडलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. दप्तराला सीटबेल्ट लावला होता. नीट, ओढून घट्ट केलेला.

संध्याकाळी स.ला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बसली का नाही बसली?"

मला सांगता आलं नाही. उद्या परत बर्फ आहे म्हणतायत.